'कर्जत आले' म्हणजे नेमके कोण आले?

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी बोरघाट उतरते, बोगद्यांतील अंधार-उजेडाचा खेळ संपतो आणि डब्यात कोणीतरी म्हणते, "चला, कर्जत आले!" लगेच खिडक्यांतून माना बाहेर येतात, वडेवाल्यांच्या हाका ऐकू येतात, उतरणारे सामान आवरू लागतात. 'कर्जत आले' हे वाक्य कोणालाही खटकत नाही.

आता हेच वाक्य इंग्रजीत सांगा, असे आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहा. पुष्कळ हात वर होतील आणि उत्तर येईल, 'कर्जत हॅज कम.' शब्दाला शब्द बरोबर आहे. पण इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे तो माणूस हे ऐकून क्षणभर गोंधळेल. कर्जत नावाचे कोणी पाहुणे आले की काय, असे त्याला वाटेल! तो स्वतः म्हणेल, 'वुई हॅव रीच्ड कर्जत', म्हणजे आपण कर्जतला पोहोचलो. किंवा नुसतेच 'धिस इज कर्जत', हे कर्जत आहे.

भाषेच्या तासाला हा प्रश्न "इंग्रजीत असे म्हणत नाहीत" एवढ्यावर मिटतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला मात्र तो तेथे सुरू होतो. कर्जत आले की आपण आलो? हलले कोण? प्रवासाविषयीचे इंग्रजी शिकताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तर निम्म्या चुका आपोआप टळतात. आणि पुढे अकरावीला इंग्रजीतून गणिते सोडवताना याच सवयीचा किती उपयोग होतो, तेही या लेखात पाहू.

कोण हलले?

एखादी वस्तू हलते आहे असे म्हणताना ती कशाच्या संदर्भात हलते, हे सांगावे लागते. डब्यात शेजारी बसलेला प्रवासी तुमच्या संदर्भात स्थिर असतो, पण फलाटावर उभ्या असलेल्या हमालाच्या संदर्भात तोच प्रवासी धावत असतो. ज्याच्या संदर्भात आपण गती मोजतो त्याला संदर्भचौकट म्हणतात. डबा ही एक चौकट, जमीन ही दुसरी.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात नावेचा दृष्टांत दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे स्थिर असलेले तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने म्हटले आहे. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण घेतले आणि सांगितले की, जहाज संथपणे एकाच वेगाने जात असेल, तर आत केलेल्या कोणत्याही प्रयोगावरून ते चालले आहे की उभे आहे हे ओळखता येत नाही. आइन्स्टाइनने सापेक्षतेचा सिद्धांत सामान्य वाचकांना समजावून देण्यासाठी लिहिलेले पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही आगगाडी आणि रुळांशेजारचा बांध यांचेच उदाहरण वारंवार येते.

म्हणजे 'कर्जत आले' असे म्हणणारा मराठी माणूस काही चुकीचे बोलत नाही. त्याने आपला डबा स्थिर मानला आहे. डब्याच्या चौकटीतून पाहिले तर घाट मागे गेला, पळसदरी मागे गेली आणि कर्जत खरोखरच समोर आले. इंग्रजी बोलणाऱ्याने येथे जमिनीची चौकट निवडली आहे. तिच्यात गाव जागच्या जागी आहे आणि हललो ते आपण.

इंग्रजी नेहमीच जमिनीची चौकट वापरते असेही नाही. 'द नेक्स्ट स्टॉप इज कमिंग अप', म्हणजे पुढचा थांबा येतो आहे, असे तेही म्हणतात. सूर्य उगवतो आणि मावळतो, हे तर दोन्ही भाषांत सारखेच आहे. कोणत्या प्रसंगी कोणती चौकट घ्यायची याचे संकेत प्रत्येक भाषेचे निराळे असतात, एवढेच. म्हणून प्रवासाचे वाक्य इंग्रजीत नेताना आधी शब्द शोधू नका. आधी विचारा, या भाषेत येथे हलणारा कोण? मग तोच वाक्याचा कर्ता करा.

आलो, येतो, जातो

आई हाक मारते, "जेवायला चल!" आपण पुस्तकातून डोके न काढताच ओरडतो, "आलो!" वास्तविक आपण अजून जागचे हललेलोही नसतो; तरी क्रियापद भूतकाळी. थांब्यावर उभे असताना लांबच्या वळणावर लाल ठिपका दिसतो आणि कोणीतरी म्हणते, "बस आली!" ती अजून अर्धा किलोमीटर दूर असते. जे आता घडणारच आहे ते घडून गेल्यासारखे सांगण्याची ही मराठीची लकब आहे. इंग्रजीत येथे भूतकाळ चालत नाही. तेथे 'आय ॲम कमिंग' आणि 'द बस इज कमिंग' असा चालू वर्तमानकाळच हवा. 'द बस हॅज कम' म्हटले तर ऐकणारा समोर बस शोधील.

आता निरोप घेण्याचे पाहा. घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो. "जातो" म्हणणे अशुभ मानतात. 'येतो' मध्ये 'जाऊन येतो' हे अध्याहृत असते. पण इंग्रज यजमानाच्या दारात उभे राहून 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर तो दार उघडून तुम्हाला पुन्हा आत घेईल!

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे चांगले जुळते. दूरध्वनीवर आपण मित्राला सांगतो, "मी उद्या तुझ्याकडे येतो." आपण आपल्या घरातून जाणार असतो, तरी 'जातो' म्हणत नाही. येथे आरंभबिंदू, म्हणजे आलेखावरचा शून्य, आपण ऐकणाऱ्याच्या घरी ठेवला. इंग्रजीतही नेमके असेच होते. तेथे 'कम' वापरतात, 'गो' नाही. 'ब्रिंग' आणि 'टेक' यांचेही तसेच. शून्याकडे आणायचे असेल तर 'ब्रिंग', शून्यापासून दूर न्यायचे असेल तर 'टेक'.

बिंदू, रेषा आणि डबा

मराठीत शब्दाच्या मागे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते. इंग्रजीत तेच काम करणारा छोटा शब्द आधी येतो. मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त छळणारे असे तीन शब्द म्हणजे 'ॲट', 'ऑन' आणि 'इन'. यांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा भूमितीची मदत घ्या.

'ॲट' म्हणजे बिंदू. नकाशावर टाचणी टोचावी तसे एक ठिकाण. 'ॲट द बस स्टॉप', 'ॲट दादर स्टेशन'. 'ऑन' म्हणजे रेषा किंवा पृष्ठभाग. 'ऑन द रोड', 'ऑन द प्लॅटफॉर्म'. 'इन' म्हणजे ज्याला आत-बाहेर आहे असे क्षेत्र किंवा पोकळी. 'इन ठाणे', 'इन द वेटिंग रूम'. म्हणूनच आपण 'अराइव्ह ॲट दादर स्टेशन' म्हणतो, पण 'अराइव्ह इन मुंबई'. स्थानक बिंदूसारखे, शहर पसरलेले.

काळाच्या बाबतीतही हीच चढती भांजणी आहे. घड्याळातील क्षण हा बिंदू, म्हणून 'ॲट फाइव्ह ओक्लॉक'. एक दिवस असेल तर 'ऑन', म्हणून 'ऑन मंडे'. महिना किंवा वर्ष म्हणजे मोठा पल्ला, म्हणून 'इन जून'.

या भूमितीला एक मजेदार अपवाद आहे. आपण बसच्या आत बसतो, तरी इंग्रजीत 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन', 'ऑन द प्लेन' असे म्हणतात. मोटारीसाठी, टॅक्सीसाठी आणि ऑटोरिक्षासाठी मात्र 'इन'. लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी : ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते, त्याला 'ऑन', ज्यात वाकून शिरून थेट आसनावरच बसावे लागते, त्याला 'इन'. सायकलला आत-बाहेर नाहीच, म्हणून तेथे 'ऑन'. चढण्या-उतरण्याचेही याच खुणेने ठरते. बसला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', टॅक्सीला 'गेट इन' आणि 'गेट आउट'. तेव्हा 'ऑन द बस' ऐकून कोणी टपावर बसले आहे असे समजू नका. टपासाठी 'ऑन द रूफ ऑफ द बस' असे स्पष्ट सांगावे लागते.

प्रत्ययात बसून प्रवास

आता एक ऐतिहासिक वाक्य घेऊ : '१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली.' (या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) या वाक्यात 'हून' हा पंचमीचा प्रत्यय प्रवासाचा आरंभ दाखवतो, तर 'ला' हा चतुर्थीचा प्रत्यय शेवट दाखवतो. इंग्रजीत त्यांच्या जागी 'फ्रॉम' आणि 'टु' येतात. सदिश राशीचा बाण काढताना शेपूट आणि टोक दाखवावे लागते ना? 'हून' म्हणजे शेपूट आणि 'ला' म्हणजे टोक. प्रवासाचे साधन तृतीयेच्या 'ने' ने सांगतात. 'बसने' म्हणजे 'बाय बस'. येथे 'अ' किंवा 'द' लागत नाही. आणि पायी गेलात तर 'बाय वॉक' म्हणू नका. 'ऑन फुट' म्हणा. 'मार्गे' साठी 'व्हाया' आहे. हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ वाट असाच आहे.

प्रत्यय शब्दालाच चिकटलेला असल्यामुळे मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी अर्थ बिघडत नाही. 'शिपायाने बस थांबवली' आणि 'बस शिपायाने थांबवली' या दोन्ही वाक्यांत थांबवणारा शिपाईच. इंग्रजीत मात्र 'द पोलीसमन स्टॉप्ड द बस' या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, की बसनेच शिपायाला थांबवले असा अर्थ होतो! तेथे विभक्तीचे काम बऱ्याच अंशी शब्दाची जागाच करते. बेरजेत संख्यांचा क्रम बदलला तरी चालतो, वजाबाकीत चालत नाही, तसाच हा प्रकार आहे.

पण एके काळी युरोपातही आपल्यासारखेच भरघोस विभक्तिप्रत्यय होते. त्यातला एक तर रोज आपल्या दारावरून जातो. लॅटिन भाषेत 'ऑम्निबस' या शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि 'बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. सर्वांना खुल्या असलेल्या घोडागाडीला प्रथम फ्रान्समध्ये हे नाव मिळाले. १८२९ साली जॉर्ज शिलिबियर याने तशी गाडी लंडनमध्ये सुरू केली. पुढे लोकांनी मोठे नाव तोडून नुसते 'बस' ठेवले. म्हणजे मूळ शब्द गळाला आणि प्रत्यय तेवढा उरला! तुमच्यापैकी जे संस्कृत शिकतात त्यांना 'रामेभ्यः', 'सर्वेभ्यः' ही रूपे पाठ असतील. त्यातील 'भ्यः' आणि लॅटिनमधील 'बस' हे नात्यातले प्रत्यय आहेत. तेव्हा एस.टी.ने शाळेला जाणारा मुलगा चक्क एका विभक्तिप्रत्ययात बसून जातो, असे म्हणायला हरकत नाही.

गाडी कोणाची चुकली?

काही मराठी वाक्यांत कर्ता वेगळाच असतो. 'माझी गाडी चुकली.' व्याकरणाप्रमाणे चुकली ती गाडी, आपण नामानिराळे! इंग्रजीत दोष सरळ माणसावर येतो : 'आय मिस्ड द ट्रेन.' 'मला दोन तास लागले' याचे इंग्रजी 'इट टुक मी टू अवर्स', आणि 'मला उशीर झाला' याचे 'आय ॲम लेट'. मराठीत ज्याच्यावर गोष्ट गुदरते तो चतुर्थीत 'मला' म्हणून उभा राहतो. इंग्रजीत बहुधा त्याला कर्त्याच्या खुर्चीत बसवतात.

'दादरला गाडीत बसलो' हे वाक्यही असेच फसवे आहे. सकाळच्या लोकलमध्ये दादरला चढून बसायला जागा मिळणे ही भाग्याची गोष्ट. पण दांडीला लोंबकळत गेलेला माणूससुद्धा 'गाडीत बसलो' असेच सांगतो. इंग्रजीत 'सॅट' म्हटले की आसनावर टेकणेच आले. म्हणून येथे 'आय गॉट ऑन द ट्रेन' म्हणावे. तसेच आपण तिकीट 'काढतो', इंग्रज ते 'बाय' करतो, म्हणजे विकत घेतो.

आणि 'मला गाडी लागते' याचे काय करावे? याचे शब्दशः भाषांतर जगात कोणालाही कळणार नाही. 'आय गेट कारसिक' असे म्हणतात. यामागचे विज्ञान मात्र आपल्या चौकटीच्या गोष्टीचेच आहे. पुस्तक वाचत बसलेल्या प्रवाशाचे डोळे सांगतात की आजूबाजूचे सर्व स्थिर आहे. त्याच वेळी कानाच्या आतल्या भागातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव सांगतो की शरीर वळते आहे, हेलकावे खाते आहे. दोन साक्षीदार दोन चौकटींतून बोलतात, मेंदूला मेळ घालता येत नाही आणि मळमळू लागते. म्हणूनच घाटात पुस्तक मिटून खिडकीबाहेर दूरवर पाहिले की बरे वाटते.

चाकाचे सोयरे

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना विल्यम जोन्स यांनी असे मत मांडले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य इतके आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढे या विचारातून तौलनिक व्याकरणाचे शास्त्र उभे राहिले. त्याचा प्रत्यय प्रवासाच्या शब्दांत फार छान येतो, कारण चाक आणि गाडी या माणसाच्या जुन्या सोबत्या आहेत.

'चाक' हा शब्द संस्कृत 'चक्र' पासून आला. ग्रीक 'कुक्लोस' हा त्याचाच भाऊ. त्यापासून 'सायकल' हा शब्द झाला. इंग्रजीतील 'व्हील' हाही त्याच घराण्यातला. चाक ज्याभोवती फिरते तो 'अक्ष'. इंग्रजीत 'ॲक्सिस' आणि 'ॲक्सल'. बैलांच्या मानेवरचे 'जू' संस्कृत 'युग' पासून आले. इंग्रजीतील 'योक', आपला 'योग' आणि मनमाडच्या पाटीवरचे 'जंक्शन' हे सारे 'जोडणे' या एकाच अर्थाच्या धातूचे वंशज आहेत. 'स्थानक' आणि 'स्टेशन' यांत 'स्था', म्हणजे उभे राहणे, हा समान धागा आहे. 'स्टॅटिक' या शब्दातही तोच आहे. 'वह्', म्हणजे वाहून नेणे, यापासून आपले 'वाहन' झाले. इंग्रजीतील 'वॅगन' आणि लॅटिनमार्गे आलेला 'व्हेइकल' त्याचे नातलग. आपल्या पुस्तकातील सदिश राशीला इंग्रजीत 'व्हेक्टर' म्हणतात, तोही याच कुळातला : एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेणारा.

काही ठिकाणी शब्द वेगळे असले तरी कल्पना एकच दिसते. बसमध्ये तिकिटे देणारा 'कंडक्टर' आणि विजेचा 'कंडक्टर' हा इंग्रजीत एकच शब्द आहे. आपणही दोघांना 'वाहक' म्हणतो. 'टर्मिनस' म्हणजे शेवटचे स्थानक. हवेतून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला शेवटी जो स्थिर वेग मिळतो त्याला 'टर्मिनल व्हेलॉसिटी' म्हणतात. 'ट्रेन' या शब्दाच्या मुळाशी ओढणे हा अर्थ आहे. 'ट्रॅक्टर', 'ट्रॅक्शन' आणि 'ॲट्रॅक्शन' यांच्याही मुळाशी तोच. असा एक धागा धरला की चार शब्द एकदम ध्यानात राहतात.

मात्र केवळ आवाज जुळला म्हणून नाते लावू नये. शास्त्रज्ञ अनेक शब्दांत एकाच नियमाने होणारा ध्वनिबदल दिसला तरच नाते मान्य करतात. विज्ञानात एका निरीक्षणावरून नियम बांधत नाहीत, तसेच हे.

शब्दांची ये-जा दोन्ही दिशांनी चालते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, चौदा डब्यांची गाडी धावली. आपल्या लोकांनी या नव्या वाहनाला 'आगगाडी' हे ठसठशीत नाव दिले आणि तिच्या वाटेला 'लोहमार्ग'. दुसरीकडे 'बस आली', 'ट्रक आला', 'तिकीट मिळाले' असे म्हणत परक्या शब्दांना मराठी लिंगेही देऊन टाकली. इंग्रजीनेही आपल्याकडून घेतलेच. दोन सांगाड्यांच्या नावेला ते 'कॅटमरॅन' म्हणतात, तो तमिळमधील 'कट्टुमरम्', म्हणजे बांधलेले लाकूड. छोट्या होडीची 'डिंगी' आपल्याकडचीच. आणि ब्रिटनमध्ये अवाढव्य मालमोटारीला 'जगरनॉट' म्हणतात, तो पुरीच्या रथातला जगन्नाथ!

छोट्या शब्दाची मोठी किंमत

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत येतो, तेव्हा पदार्थविज्ञानाचे पुस्तक एकदम इंग्रजीत समोर येते. नियम त्याला माहीत असतात, सूत्रे पाठ असतात, गुणाकार-भागाकारही बिनचूक असतात; तरी उत्तर चुकते. अशा वह्या तपासताना पुष्कळदा दिसते की चूक सूत्रात नाही, ती 'टु', 'बाय', 'इन' अशा एखाद्या इवल्याशा शब्दात आहे. पण विद्यार्थी समजतो, आपल्याला विषयच जमत नाही. चांगली बुद्धी असलेली मुले एवढ्यासाठी विषयाला पाठ दाखवतात, ही दुःखाची गोष्ट आहे. म्हणून पुढील तीन उदाहरणे कागद-पेन्सिल घेऊन नीट पाहा.

पहिले उदाहरण. एक बस ताशी १८ किलोमीटर चालीने जात आहे. पाच सेकंदांत तिची चाल 'टु' ५४ वाढली, असे लिहिले असेल, तर अर्थ '५४ पर्यंत वाढली' असा आहे. वाढ झाली ३६ ची, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ती पाच सेकंदांत झाली, म्हणून त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. पण 'बाय' ५४ असे लिहिले असेल, तर '५४ ने वाढली'. आता वाढच ५४ ची, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. त्वरण ३, आणि शेवटची चाल ताशी ७२ किलोमीटर. एका छोट्या शब्दाने उत्तर दीडपट झाले!

दुसरे उदाहरण. एक मोटार 'फ्रॉम रेस्ट', म्हणजे स्थिर अवस्थेतून, निघते आणि तिचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. 'इन फाइव्ह सेकंद्स' ती किती अंतर जाईल? पाच सेकंदांत २५ मीटर. पण 'इन द फिफ्थ सेकंद' असे विचारले असेल, तर फक्त पाचव्या सेकंदातले, म्हणजे चौथा सेकंद संपल्यापासून पाचवा संपेपर्यंतचे अंतर काढायचे. चार सेकंदांत ती १६ मीटर गेली होती, म्हणून उत्तर ९ मीटर. याच 'इन' चा आणखी एक रंग आहे. 'द बस लीव्ह्ज इन फाइव्ह मिनिट्स' याचा अर्थ बस पाच मिनिटांनी सुटेल. 'च्या आत' असे म्हणायचे असेल तर 'विदिन' लागते. आणि 'फॉर फाइव्ह मिनिट्स' म्हणजे सलग पाच मिनिटेपर्यंत.

तिसरे उदाहरण. १२० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर चालीने १८० मीटरचा पूल ओलांडते. 'हाऊ लाँग इज द ट्रेन?' याचे उत्तर १२० मीटर, कारण येथे लांबी विचारली आहे. 'हाऊ लाँग डझ इट टेक टु क्रॉस द ब्रिज?' येथे तेच दोन शब्द वेळ विचारतात. पूल 'क्रॉस' करणे म्हणजे शेवटचा डबाही पुलाबाहेर पडणे. म्हणून अंतर १२० अधिक १८०, म्हणजे ३०० मीटर. वेळ २० सेकंद. खांबाजवळून जायचे असते, तर गाडीने स्वतःच्या लांबीएवढेच, म्हणजे १२० मीटर जायचे. वेळ ८ सेकंद. आणि 'हाऊ फार' असे विचारले तर ते नेहमी अंतर.

ओळखीच्या शब्दांपासूनही सावध राहा. गणितातला 'रेस्ट' विश्रांती घेत नाही आणि 'युनिफॉर्म' म्हणजे गणवेश नव्हे. 'युनिफॉर्म स्पीड' म्हणजे एकसमान चाल. 'स्पीड' म्हणजे चाल. तिला दिशा जोडली की 'व्हेलॉसिटी', म्हणजे वेग. बोलताना आपण दोन्हींना वेगच म्हणतो, इंग्रजही सर्रास 'स्पीड' म्हणतो. पण उत्तरपत्रिकेत हा भेद पाळावाच लागतो.

तेव्हा इंग्रजीतले प्रवासाचे वाक्य किंवा गणित समोर आले की चार प्रश्न विचारा. हलणारा कोण? कशाच्या संदर्भात? कोठून कोठपर्यंत? क्षण विचारला आहे की कालावधी? या चार प्रश्नांची उत्तरे मराठीत स्वतःला सांगितली, की इंग्रजी शब्दाची योग्य जागा सापडते. त्यासाठी मराठी विसरण्याची गरज नाही. '५४ ने' आणि '५४ पर्यंत' यांतला फरक तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तो इंग्रजी वाक्यात ओळखायचा, एवढेच काम.

करून पाहा

१. पुढच्या प्रवासात 'आले', 'गेले', 'लागले', 'सुटले' ही क्रियापदे असलेली दहा वाक्ये टिपून घ्या. प्रत्येक वाक्यात बोलणाऱ्याने डब्याची चौकट घेतली आहे की जमिनीची, ते लिहा.

२. इंग्रजीत सांगा : (अ) नाशिक अजून आले नाही. (आ) आम्ही मनमाडला गाडी बदलली. (इ) मी चालत स्टेशनवर गेलो.

३. एका मोटारीची चाल ताशी ७२ किलोमीटर आहे. पाच सेकंदांत ती (अ) 'बाय' १८ कमी झाली, (आ) 'टु' १८ कमी झाली. दोन्ही वेळा सेकंदागणिक चाल कितीने घटली?

उत्तरे : २. (अ) 'वुई हॅव नॉट रीच्ड नाशिक येट.' (आ) 'वुई चेंज्ड ट्रेन्स ॲट मनमाड.' गाड्या दोन, म्हणून अनेकवचन. (इ) 'आय वेंट टु द स्टेशन ऑन फुट' किंवा 'आय वॉक्ड टु द स्टेशन.' ३. (अ) १ मीटर प्रति सेकंद. (आ) ३ मीटर प्रति सेकंद.